दिसलं ते सांगा

‘मनमिळाऊ आहे. उपक्रमांत उत्साहाने सहभागी होतो. वाचनाची आवड आहे. अक्षरात सुधारणा आवश्यक.’

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा, कपाटातून नोंदवही काढा, ही वाक्यं भेटणारच. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करताना अशा वह्या मी गठ्ठ्यांनी वाचल्या. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, सड्यावरच्या, खाडीकाठच्या, वाडीच्या टोकाला उभ्या असलेल्या शाळा, आणि सगळीकडची मुलं मनमिळाऊ.

एका शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात त्या बैठकीत, मी एक खेळ केला. वहीतलं मुलाचं नाव हाताने झाकलं, नोंद मोठ्याने वाचली आणि ती लिहिणाऱ्या बाईंनाच विचारलं, हे मूल कोण? बाईंनी तीन नावं घेतली. तिन्ही चुकली. हशा झाला, बाईही हसल्या. चहाच्या वेळी मात्र त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “मॅडम, मला माझी मुलं माहीत नाहीत असं नाही हो. लिहायला बसलं की हेच येतं.”

त्यांचं खरं होतं. त्याच बाई चहा पिता पिता त्या मुलाबद्दल बोलू लागल्या तेव्हा तो पाटी कशी तिरकी धरतो, वजाबाकी करताना बोटं बाकाखाली कशी लपवतो, हे सगळं भराभरा आलं. कागद समोर आला की मात्र ‘मनमिळाऊ’.

याचं खापर शिक्षकांवर फोडणं सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे शिकता शिकता करायच्या, मूल्यमापनाची आठ तंत्रं सांगितली होती, त्यातलं पहिलंच दैनंदिन निरीक्षण. कल्पना उत्तम होती. पण द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन, तीन-तीन वर्ग एका शिक्षकाकडे, प्रत्येक विषयाला प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद, शिवाय विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक असे रकाने. बाजाराने लगेच हात दिला. विषयवार तयार नोंदींच्या पुस्तिका स्टेशनरीच्या दुकानांत आल्या. पुढे मोबाइलवर त्याच नोंदी फिरू लागल्या. नोंदी पूर्ण भरल्या गेल्या. मूल कुठेच नव्हतं.

गंमत अशी की दिसणाऱ्या वर्तनाची भाषा आमच्या शिक्षकांना नवी नव्हती. डीएड केलेल्या प्रत्येकाने पाठ टाचणात डावीकडे उद्दिष्टं आणि उजवीकडे स्पष्टीकरणं लिहिलेली आहेत. ज्ञान हे उद्दिष्ट. ‘विद्यार्थी ओळखतो, स्मरण करतो’ ही स्पष्टीकरणं. आकलन हे उद्दिष्ट. ‘फरक सांगतो, वर्गीकरण करतो, उदाहरण देतो’ ही स्पष्टीकरणं. ब्लूमचं १९५६ चं वर्गीकरण गुरुजींच्या वहीत अशा वेषात पोचलं होतं. मन दिसत नाही, क्रियापद दिसतं, हा विचार त्यात होताच. पण ती स्पष्टीकरणं पाठ होण्याआधीच लिहून टाकायची होती. मूल समोर बसलेलं असताना ती शोधायला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे समजलेलं सगळं होतं, हात मात्र बसला नव्हता. हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे मला पटायला बराच काळ गेला.

मी मूळची विशेष शिक्षणातली. त्या अभ्यासात ऑग्डेन लिंडस्ली हे नाव आलं होतं. हार्वर्डला मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस १९६५ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आला आणि शिक्षक घडवू लागला. प्रयोगशाळेत नोंदी काटेकोर होतात, मग वर्गात का नाहीत, हा त्यांचा साधा प्रश्न. मुलाचं एक नेमकं वर्तन निवडायचं, ठरावीक वेळात ते किती वेळा झालं ते मोजायचं आणि रोज एका आलेखावर मांडायचं. शिक्षक आपापल्या मापाचे आलेख आणत आणि प्रत्येकाचा आलेख समजून घेण्यातच वेळ जाई, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकच ठरावीक आलेख केला. त्यात अंतरं बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात. दोनचे चार झाले काय आणि वीसचे चाळीस झाले काय, रेघ तेवढीच चढते. आमच्या शिक्षकांपुढे मी हा आलेख ठेवला तेव्हा गणिताचे दोन शिक्षक खूश झाले आणि बाकीच्यांनी जांभया दिल्या. पुढे आम्ही साध्या चौकटीच्या वहीवर भागवलं. लिंडस्लींना ते आवडलं नसतं.

त्यांची एक कसोटी मात्र मी सोडली नाही. मेलेल्या माणसाला जे करता येतं ते वर्तन नव्हे. ‘जागेवरून उठत नाही’, ‘उत्तर देत नाही’, ‘त्रास देत नाही’ हे सगळं मेलेला माणूस उत्तम करतो. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एका ज्येष्ठ बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, शाळेत सकाळी सकाळी मड्याचं नाव कशाला? म्हणून आमच्याकडे ती बुजगावण्याची कसोटी झाली. शेतातल्या बुजगावण्याला जमत असेल तर ते कार्ड बाजूला. हे शब्द शिक्षकांच्या तोंडी इतके बसले की नोंदवही तपासताना ते एकमेकांच्या वाक्यांवर नुसतं ‘बु’ लिहू लागले.

सरावाची रीत अशी. पत्त्यांएवढी कार्डं कापायची. एकेका कार्डावर एकेक वाक्य: ‘लक्ष देत नाही’, ‘ओळीवर बोट ठेवून वाचतो’, ‘आळशी आहे’, ‘प्रश्न संपण्याआधी हात वर करते’, ‘घरचं वातावरण नाही’, ‘शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो’. शिक्षकांच्या जोड्या. एकाच्या हातात गठ्ठा, दुसऱ्याच्या मोबाइलवर एक मिनिट. कार्ड पाहायचं, ‘दिसतं’ किंवा ‘नाही दिसत’ म्हणायचं, टाकायचं, पुढचं. बरोबर आलेली एका ढिगात, बाकीची ‘अजून नाही’च्या ढिगात. ‘चूक’ हा शब्द वापरायचा नाही. मिनिट संपलं की दोन्ही ढीग मोजायचे, आकडा लिहायचा, कार्डं पिसायची, पुन्हा. दुसऱ्या टप्प्याला ‘नाही दिसत’ म्हणून थांबायचं नाही. त्याच्या जागी दिसेल असं एक वाक्य तोंडाने सांगायचं. ‘आळशी आहे’ला ‘वही उघडायला सांगितल्यावर दोन मिनिटांनी उघडतो’. इथे वेग धपकन खाली येतो. येऊ द्यायचा.

पहिल्या दिवशी आठ-दहा कार्डांवर गाडी अडते. ‘घरचं वातावरण नाही’ या कार्डाशी तर हमखास अडते, कारण हे वाक्य आमच्या वह्यांत फार लाडकं आहे. त्यात मुलाची एकही हालचाल नाही. त्यात कुणाचं घर, कुठली वाडी, आईबाप काय काम करतात, हे सगळं मात्र न लिहिता लिहिलेलं असतं. त्यावर मी कधी भाषण दिलं नाही. मिनिट चालू असताना भाषणाला वेळच नसतो. शिक्षक चार-पाच वेळा त्या कार्डाशी अडखळले की सहाव्यांदा स्वतःच हसतात, काहींचा चेहरा उतरतो.

विरोध झाला, चांगला झाला. “आम्ही काय पहिलीतली पोरं?” हे तर नेहमीचं. “ही शर्यत कशाला?” हेही. माझं उत्तर एवढंच असे की वर्गात तुम्हाला मिनिटसुद्धा मिळत नाही. फळ्याकडून वळता वळता तीस मुलांवरून नजर फिरते, तेवढ्यात जे टिपलं ते टिपलं. विचार करकरून योग्य उत्तर देणारा शिक्षक परीक्षेत पास होईल, वर्गात त्याचा उपयोग नाही. सायकल येते म्हणजे काय, तर पाय कुठे ठेवायचा हे आठवावं लागत नाही. एकमेकांशी तुलना मात्र मी बंद पाडली. कालचा आकडा आणि आजचा आकडा, दोन्ही स्वतःचे. तरी चिपळूणच्या एका केंद्रात दोन बाईंची चुरस अशी लागली की दुपारच्या डब्यावर पैजा झाल्या. ती मी पाहिली नाही असं केलं.

सर्वांत मोलाचा विरोध निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींचा होता. ते म्हणाले, “घड्याळ लावून शहाणपण येत नाही.” त्यांनी कार्डांना हात लावला नाही, मागे बसून राहिले. दुपारी मी सगळ्यांना आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल मिनिटभर बोलायला लावलं, फक्त दिसलेलं. गुरुजी उठले. डोळे मिटून एका मुलीबद्दल बोलत गेले: दप्तर उजव्याच खांद्यावर, पायरीवर चप्पल काढताना भावाची आधी काढते, गणित आलं की पेन्सिल तोंडात, मराठी आलं की बाकावर पुढे सरकते, नाव घेतलं की आधी शेजारणीकडे बघते. एक विशेषण नाही. मी मोजत होते, पुढे मोजायचं विसरून गेले. खोली गप्प झाली.

गुरुजींना ही नजर तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीने दिली होती. त्यांना माझ्या कार्डांची गरज नव्हती, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून माझ्या कामाचा प्रश्न बदलला. जे पस्तीस वर्षांत येतं त्यातलं थोडं तरी नव्या शिक्षिकेला पहिल्या दोन-तीन वर्षांत देता येईल का? कारण तिच्या वर्गातली मुलं तिची पस्तीस वर्षं होईपर्यंत थांबणार नाहीत.

नव्या शिक्षकांत एक विचित्र गोष्ट दिसली. कार्डांवर सुसाट असलेले काही जण वर्गाची मिनिटभराची चित्रफीत दाखवली की मुके होत. कागदावरचं वाक्य ओळखणं आणि हलत्या मुलाकडे बघून वाक्य तयार करणं, यांत एक पूल लागतो. लिंडस्लींचे सहकारी एरिक हॉटन यांनी शिकण्याच्या वाटा वेगवेगळ्या मांडल्या होत्या: ऐकून सांगणं, पाहून सांगणं, पाहून लिहिणं. एका वाटेवर पाय मोकळे झाले म्हणून दुसरी आपोआप येत नाही. मग आम्ही वाट बदलली. मोबाइलवर चित्रफीत लावायची, आवाज बंद, आणि क्रियापदं बोलत जायचं: उठला, वळला, खोडरबर उचललं, फेकलं, हसला, बसला. सुरुवातीला लोक ‘चिडवतोय’, ‘खोडी काढतोय’ म्हणत. शेजारचा लगेच, “चिडवतोय म्हणजे काय दिसलं?” हळूहळू क्रियापदं दाट होत गेली आणि मला एक अनपेक्षित गोष्ट जाणवली. वेगाने बोलताना निवाडा करायला फुरसतच राहत नाही. ‘हा असाच आहे’ हे वाक्य मनात जुळायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मूल पुढची हालचाल करून मोकळं झालेलं असतं.

तिसरा सराव दोघांनी मिळून करायचा. दोन शिक्षक एकाच वर्गाच्या मागे बसतात, एकच मूल बघतात, एकच वर्तन मोजतात आणि आकडे शेवटी ताडून बघतात. ‘बोलतो’ असं ठरवून बसलेल्या दोघांपैकी एकाचे पाच आले, दुसऱ्याचे चौदा. भांडण जुंपलं. शेजाऱ्याकडे रबर मागितलं ते धरायचं की नाही? स्वतःशी पुटपुटला ते? बाईंना उत्तर दिलं ते तर बोलणंच होतं! मुलात दोष नव्हता, आमची व्याख्या सैल होती. वर्तनाला सुरुवात हवी, शेवट हवा आणि ते पुन्हा घडू शकायला हवं, हे मी खडूने लिहून किती वेळा सांगितलं असेल. त्या पाच आणि चौदाने ते एका दमात शिकवलं.

लांज्याकडच्या एका शाळेत दिवाळीनंतर एक मुलगी दाखल झाली. वडील आंब्याच्या बागेत राखणीला आलेले, नेपाळचे. आमच्याकडे अशी कुटुंबं हंगामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे मूल शाळेच्या पटावर असतं ते जेमतेम अर्धं वर्ष. बाईंची नोंद: ‘वर्गात बोलत नाही.’ बुजगावण्याच्या कसोटीवर ती कधीच पडली होती. मग करते काय? बाईंनी रोज मिनिटभर तिच्याकडे बघायला घेतलं. डस्टर आणून देते. खडे ओळीत मांडते. सुट्टीत धाकट्या भावाशी सलग बोलते. भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभी राहून ओठ हलवते. या शेवटच्या नोंदीपाशी बाई थांबल्या. तक्ता देवनागरीत होता आणि नेपाळीही देवनागरीतच लिहितात. मुलगी आधी तिकडे शाळेत जात होती. मराठीत विचारलेलं तिला कळत नव्हतं, पण समोर ठेवलेला शब्द ती वाचू शकत होती. ऐकून सांगायची वाट बंद, पाहून सांगायची उघडी. बाईंनी प्रश्न विचारणं सोडलं आणि शब्दपट्ट्या पुढे केल्या. आठवड्याभरात ती वर्गाला मोठ्याने शब्द वाचून दाखवत होती, अर्थ विचारत होती. ‘बोलत नाही’ या नोंदीखाली तिचा पूर्ण हंगाम गेला असता.

दुसरा प्रसंग खाडीकाठच्या शाळेतला, तिसरीतली मुलगी. ‘स्वप्नाळू. लक्ष नसते.’ सराव झालेल्या तिच्या सरांनी नवी नोंद केली: ‘वाचताना शब्दाच्या मध्येच थांबते. नजर एका जागी. पापण्या फडफडतात. मी मनात दहा म्हणेपर्यंत संपते. पुढचा शब्द वाचते. थांबल्याचे तिला माहीत नसते.’ खाली आठवडाभराचे रोजचे आकडे. पालकांनी तो कागद डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी तिला जोरजोराने श्वास घ्यायला लावलं आणि त्यांच्या समोरच तसं झालं. पुढे मेंदूचा आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या. हा अपस्माराचाच एक प्रकार असतो, त्यात मूल पडत नाही, झटके देत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते ‘लक्ष नसलेलं’ म्हणून ओरडा खातं. प्रत्येक गुंगलेल्या मुलाला आजार असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकांना बाहेरचा पाऊस जास्त आवडत असतो. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘नेमकं काय होतं?’ हाच असतो आणि घरच्यांपेक्षा त्याचं उत्तर शिक्षकाजवळ असण्याची शक्यता जास्त.

मोजायला सोयीचं काहीतरी हातात लागतं. गुरुजी लोक खिशात चिंचोके ठेवत, एकेक उजवीकडून डावीकडे. बाईंच्या साडीला खिसा नाही. त्यांनी रबरबँडची युक्ती काढली; डाव्या मनगटावरचे एकेक उजव्या मनगटावर. त्यातून एक वेगळंच वळण आलं. एका बाईंनी मुलांना मोजायचं सोडून स्वतःला मोजायचं ठरवलं. ‘गप्प बस’ किंवा तसलं काही म्हटलं की एक रबर इकडे, मुलाने केलेलं काही नाव घेऊन वाखाणलं की एक रबर तिकडे. चार दिवसांनी त्यांनी मला आकडे दाखवले नाहीत. महिन्याने दाखवले. मला दिसलेला फरक आकड्यांपेक्षा वर्गाच्या आवाजात होता. त्यानंतर मी प्रशिक्षणाच्या क्रमात हे आधी घेऊ लागले. शिक्षकाने आधी स्वतःचं बोलणं मोजावं, मुलांचं मागाहून. लोक कमी येतात अशा सत्राला. जे येतात ते राहतात.

दापोलीला एका सत्रात एक तरुण शिक्षक उठून म्हणाले, “मॅडम, साने गुरुजी या तालुक्यातले. पालगडचे. त्यांनी कुठे मुलं मोजली होती? मुलांवर प्रेम करायचं की आकडे मांडायचे?” टाळ्या पडल्या. प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोज. ज्याला रोज लिहायचं असतं त्याला रोज बघावं लागतं. त्या शिक्षकांचं समाधान झालं नाही आणि माझंही पूर्ण झालं नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांचं निरीक्षण हाच शिक्षणाचा पाया मानला, तेही घड्याळाविना. घड्याळ हे माझं साधन आहे, सगळ्यांचं असायला हवं असं नाही. ज्याची नजर प्रेमानेच तयार झाली आहे त्याने कार्डं खुशाल ठेवून द्यावीत. पण प्रेम आहे आणि नोंद ‘मनमिळाऊ’ अशी आहे, असे लोक मला फार भेटले.

पालकांचं निराळं. शिमग्याच्या सुट्टीआधी एक आजी प्रगतिपुस्तक घ्यायला आली होती. मुलगा-सून मुंबईला, नातू तिच्याजवळ. बाईंनी आमच्या शिकवणीप्रमाणे तिला सगळं दिसलेलं सांगितलं: हातच्याची बेरीज करतो, गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो, डबा शेजाऱ्याला देतो. आजीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पन हुशार हाय ना वो बाय?” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. “आहे हो आजी, हुशार आहे.” प्रशिक्षणाच्या दृष्टीने ते कार्ड ‘नाही दिसत’च्या ढिगातलं. तिला मुंबईला फोन करून तोच शब्द सांगायचा होता.

२०२१ मध्ये निपुण भारत अभियान आलं आणि मिनिट सगळ्यांच्याच तोंडी झालं. तिसरीच्या अखेरीला मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य. शाळाशाळांत मोबाइलचं घड्याळ मुलासमोर आलं. काही ठिकाणी मी जे पाहिलं ते बघवत नव्हतं: मूल वाचतंय, शिक्षक घड्याळाकडे बघतोय, मूल त्याच्या चेहऱ्याकडे बघतंय, शब्द गिळतंय. ‘समजून’ हा शब्द कधीच गळून गेलेला. पण जे शिक्षक स्वतः त्या एका मिनिटातून गेले होते त्यांची चाचणी वेगळी चाले. ते घड्याळ पालथं ठेवत. आधी दोनदा असंच वाचून घेत. आकडा मुलालाच लिहू देत, कालच्याच्या शेजारी. ‘अजून नाही’ म्हणत. त्यांना कुणी हे शिकवलं नव्हतं. मिनिट चालू असताना हाताला घाम येतो हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

आमच्या जिल्ह्याचं एक जुनं दुखणं आहे. शिक्षक बरेचसे बाहेरच्या जिल्ह्यांतले, घाटावरचे, मराठवाड्यातले. नोकरी लागते इथे, मन असतं गावाकडे. आंतरजिल्हा बदल्यांची यादी निघाली की तयार झालेली माणसं घाट चढतात आणि मागे रिकामी खुर्ची उरते. त्यांना दोष कसा द्यायचा? म्हाताऱ्या आईबापांपाशी जावंसं वाटणारच. पण प्रशिक्षण देणाऱ्याची अवस्था अशी होते की दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा पहिलं कार्ड.

बीडकडे बदली होऊन गेलेल्या एका शिक्षिकेचा मध्यंतरी फोन आला. कार्डांचा गठ्ठा पाठवा, इथे कुणाकडेच नाही. मी नाही म्हटलं. आमच्या कार्डांवर होडी होती, आंब्याची बाग होती, ओहोळाला पाणी आल्यामुळे उशिरा येणारी मुलं होती. तिच्या वर्गातली मुलं दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, किंवा आजीजवळ मागे राहतात. त्यांच्या हालचाली तिनेच टिपायला हव्या होत्या. महिनाभराने तिने आपल्या कार्डांचे फोटो पाठवले, सुंदर अक्षरात. ‘परत आल्यावर आधी पहिल्या बाकाजवळ उभा राहतो, मग मागे जाऊन बसतो’ हे कार्ड मी माझ्या गठ्ठ्यात घेतलं. ‘कंटाळतो’, ‘आईची आठवण काढते’ आणि तसली आणखी काही मात्र ‘बु’ लिहून परत पाठवली. त्यावर तिचा लगेच फोन: आठवण काढते म्हणजे खरंच काढते, मॅडम, मी पाहिलंय. काय पाहिलंस ते लिही, म्हटलं. अजून लिहून आलेलं नाही.